तक्रारीवर पोसलेला डेटाबेस

२००६ साली ‘एसक्यूलाइट’ हा मुक्तस्रोत डेटाबेस लिहिणाऱ्या मंडळींना रात्री-अपरात्री फोन येऊ लागले. पलीकडची माणसं वैतागलेली असत. त्यांच्या संगणकातल्या टेम्प फोल्डरमध्ये ‘एसक्यूलाइट’ नावाच्या फायली आपोआप उगवत होत्या आणि त्या त्यांना नको होत्या. खरं तर या फायली मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या होत्या; त्या कंपनीनं आपल्या उत्पादनात एसक्यूलाइट वापरायला घेतला होता. लोकांनी गूगलवर ते नाव शोधलं, विकसकांचे फोन नंबर मिळवले आणि त्यांची झोपमोड केली. यावर विकसकांनी केलेला इलाज एसक्यूलाइटच्या कोडमध्ये टिपणासह नोंदवलेला आहे. तात्पुरत्या फायलींच्या नावात त्यांनी ‘एसक्यूलाइट’ची इंग्रजी अक्षरं उलट्या क्रमानं लिहिली. ज्याला हे उलटं नाव ओळखता येईल, त्याला विकसकाला फोन करून ती फाइल जाणार नाही हेही कळेल, असं त्या टिपणात म्हटलं आहे.

इथे तक्रार खरी होती, पण मागितलेला उपाय विकसकांच्या हातात नव्हता. मॅकॅफीच्या फायली ते कशा काढणार? एका अनोळखी नावामुळे माणसं चुकीच्या दारी येत होती, एवढी अडचण त्यांनी हेरली आणि तेवढीच सोडवली. वापरकर्त्याचं ऐकणं वेगळं आणि त्याचं म्हणणं मान्य करणं वेगळं. चांगले मुक्तस्रोत डेटाबेस ऐकतात मन लावून आणि मान्य करतात जपून. हे कसं चालतं ते समजून घ्यायला ‘पोस्टग्रेसक्यूएल’चा गेल्या वीसेक वर्षांचा इतिहास फार उपयोगी आहे.

न दिसणारा ग्राहक

पोस्टग्रेस हा प्रकल्प १९८६ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाला. विद्यापीठातलं काम थांबल्यावर जगभरच्या स्वयंसेवकांनी तो हाती घेतला आणि १९९६ पासून तो पोस्टग्रेसक्यूएल या नावानं ओळखला जातो. त्याचा परवाना इतका मोकळा आहे की कुणीही तो उतरवून घ्यावा, वापरावा, बदलावा, विकावा. कुणाला विचारायची गरज नाही.

या मोकळेपणाची एक किंमत आहे. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीकडे ग्राहकांची यादी असते, विक्री विभाग असतो, नूतनीकरण न केलेल्यांचे आकडे असतात. पोस्टग्रेसक्यूएलकडे यातलं काहीच नाही. हा डेटाबेस आपल्या वापराची कोणतीही माहिती विकसकांकडे पाठवत नाही. बँकेच्या सर्व्हरवर बसलेल्या डेटाबेसनं परस्पर बाहेर काही कळवावं, हे बँकेलाही चालणार नाही. त्यामुळे आपली कोणती सोय किती लोक वापरतात, कोण कुठे अडतो, कोण कंटाळून सोडून गेला, हे विकसकांना आपोआप कळत नाही. जो बोलतो तेवढाच त्यांना ऐकू येतो.

आणि बोललेलं सगळं लगेच करताही येत नाही. मोबाइलवरच्या ॲपमध्ये एखादं बटण आवडलं नाही तर पुढच्या आठवड्यात काढून टाकतात. डेटाबेसमध्ये बदल करणं म्हणजे माणसं राहत असलेल्या घराचा खांब बदलणं. डिस्कवर लिहिलेला डेटा वर्षानुवर्षं वाचता आला पाहिजे. एकदा दिलेली आज्ञा हजारो प्रोग्रॅममध्ये जाऊन बसते, मग ती मागे घेता येत नाही. म्हणून इथे ‘हो’ म्हणण्याआधी फार विचार करावा लागतो.

तक्रारीचा प्रवास

कुणीही एक साधा अर्ज भरून पोस्टग्रेसक्यूएलमधला दोष कळवू शकतो. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो. हे क्रमांक आता अठरा हजारांच्या पुढे गेले आहेत. तक्रार आणि तिच्यावरची चर्चा सगळ्यांना वाचता येते. आधी कुणीतरी तो दोष आपल्या संगणकावर घडवून पाहतो. तो घडला की अर्धं काम झालं. मग दुरुस्तीचा कोड येतो, दुसरे विकसक तो तपासतात, आणि मुख्य कोडमध्ये बदल करण्याचा अधिकार असलेल्या मोजक्या लोकांपैकी कुणीतरी तो स्वीकारतो. दुरुस्त्यांच्या छोट्या आवृत्त्या साधारण दर तीन महिन्यांनी निघतात आणि प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षं अशा दुरुस्त्या मिळत राहतात.

नव्या सोयींचा रस्ता लांबचा आहे. वर्षातून काही वेळा एकेक महिना केवळ इतरांचं काम तपासण्यासाठी राखून ठेवतात. वसंतात नव्या सोयी घेणं बंद होतं, मे महिन्याच्या सुमाराला चाचणी आवृत्ती निघते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अंतिम आवृत्ती येते. यात कुठेही मतदान नाही. एखादी सोय पाच हजार लोकांनी मागितली म्हणून ती आत जात नाही. तिची गरज पटावी लागते, ती बनवणारा कुणीतरी लागतो आणि तिनं दुसरं काही बिघडत नाही हे सिद्ध व्हावं लागतं.

जुनं धोरण सोडण्याची वेळ

कधी कधी तक्रारींचा रेटा प्रकल्पाची जुनी समजूतच बदलून टाकतो. एका सर्व्हरवरचा डेटा दुसऱ्या सर्व्हरवर सतत उतरवत राहणं, म्हणजे रेप्लिकेशन, ही मोठ्या व्यवस्थांची मूलभूत गरज आहे. पहिला सर्व्हर बंद पडला तर दुसरा हजर हवा. पोस्टग्रेसक्यूएलच्या चालकांचं म्हणणं अनेक वर्षं असं होतं की प्रत्येकाची रेप्लिकेशनची गरज वेगळी, तेव्हा ते मुख्य डेटाबेसमध्ये नको. बाहेरच्या साधनांनी ते काम करावं. स्लोनी, लाँडिस्ट, बुकार्डो अशी साधनं होतीही. पण ती उभी करणं कटकटीचं होतं. नवखा माणूस विचारायचा, ‘यातलं कोणतं घेऊ?’ आणि उत्तर मिळायचं, ‘तुमच्या गरजेवर अवलंबून आहे.’ तोवर तो मायएसक्यूएल या दुसऱ्या मुक्तस्रोत डेटाबेसकडे वळलेला असायचा, कारण तिथे रेप्लिकेशन सोबतच मिळत होतं.

मे २००८ मध्ये ओटावा इथल्या पोस्टग्रेसक्यूएल परिषदेच्या वेळी प्रकल्पाची धुरा सांभाळणाऱ्या मुख्य गटाची बैठक झाली आणि त्यानंतर ज्येष्ठ विकसक टॉम लेन यांनी गटाच्या वतीनं एक निवेदन काढलं. सोपं, भरवशाचं रेप्लिकेशन सोबत नसल्यामुळे लोक पोस्टग्रेसक्यूएल स्वीकारायला कचरतात, हे त्यात मोकळेपणानं मान्य केलं होतं. सप्टेंबर २०१० मध्ये आलेल्या ९.० या आवृत्तीत हे रेप्लिकेशन अंगभूत झालं आणि दुसऱ्या सर्व्हरवरून डेटा वाचण्याची सोयही मिळाली. २०११ च्या ९.१ मध्ये त्यात आणखी भर पडली: दुसऱ्या सर्व्हरवर नोंद पोचल्याशिवाय व्यवहार पूर्ण झाला असं मानायचं नाही, असा पर्याय आला.

बाहेरच्या साधनांना मात्र त्यांनी मोडीत काढलं नाही. बहुसंख्यांची साधी गरज आत घेतली आणि विशेष गरजा बाहेर राहू दिल्या. तांत्रिकदृष्ट्या जुनं धोरण चुकीचं नव्हतं. सुरुवात करणाऱ्याला पहिल्याच दिवशी काय सोसावं लागतं, याचा विचार त्यात कमी पडला होता, आणि ती उणीव तक्रारींनीच दाखवून दिली.

सोपी मागणी, अवघड काम

‘नोंद नसेल तर घाल, असेल तर बदल.’ दुकानाच्या साठ्याची किंवा वाचकांच्या भेटींची मोजणी ठेवणाऱ्या कुणालाही ही आज्ञा रोज लागते. मायएसक्यूएलमध्ये ती होती. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये नव्हती आणि लोक वर्षानुवर्षं ती मागत होते. एवढंसं काम करायला इतका वेळ का, असं बाहेरून कुणालाही वाटावं.

अडचण एकाच वेळी येणाऱ्या दोघांची होती. दोन व्यवहार एकाच क्षणी पाहतात की नोंद नाही. दोघंही ती घालायला जातात. एकाचं काम होतं आणि दुसऱ्याला चूक मिळते. यावर तोडगा म्हणून पोस्टग्रेसक्यूएलच्या माहितीपुस्तिकेत एक उदाहरण दिलेलं असे. त्यात एका फेऱ्यात आधी बदलून पाहायचं, नाही जमलं तर घालायचं, त्यातही चूक आली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. ते चालायचं, पण महागात पडायचं आणि लोक ते चुकीचं उतरवून घ्यायचे.

जानेवारी २०१६ मध्ये ९.५ ही आवृत्ती आली आणि तिच्यात ‘इन्सर्ट’ आज्ञेला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ ही जोड मिळाली. कितीही जण एकाच वेळी आले तरी ती नोंद घालेल किंवा बदलेल, भलत्याच कारणानं मध्येच अडणार नाही, अशी हमी तिच्यामागे होती. वेळ लागला तो या हमीसाठी.

एसक्यूएलच्या प्रमाणित नियमांत याच जातीची ‘मर्ज’ नावाची आज्ञा आहे. एप्रिल २०१८ मध्ये ती पोस्टग्रेसक्यूएलच्या कोडमध्ये दाखलही झाली होती. पण तिच्या रचनेवर गंभीर आक्षेप आले आणि त्याच महिन्यात ती काढून घेतली गेली. पुढे २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीत ती नव्यानं लिहून आली. लोकांनी मागितलेली, तयार झालेली, आत गेलेली सोय प्रसिद्ध होण्याआधी मागे घ्यायला धैर्य लागतं. चाचणीतली सोय काढली तर निराशा होते. कच्ची सोय प्रसिद्ध झाली तर डेटा बिघडतो.

‘नाही’ म्हणण्यामागचं कारण

काही मागण्यांना पोस्टग्रेसक्यूएलनं स्पष्ट नकार दिला. ओरॅकल या व्यावसायिक डेटाबेसची सवय असलेले लोक ‘हिंट’ मागतात, म्हणजे क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) अमुक इंडेक्स (शोधसूची) वापरूनच चालव असा हुकूम डेटाबेसला देण्याची सोय. त्यांची तक्रार खोटी नसते. क्वेरी कोणत्या मार्गानं चालवायची हे डेटाबेसमधला नियोजक अंदाजानं ठरवतो आणि कधी कधी तो अंदाज साफ चुकतो.

ओरॅकलच्या धर्तीच्या हिंटविरुद्ध प्रकल्पानं बरीच कारणं दिली. आज दिलेला हुकूम डेटा दहापट वाढल्यावर घातक ठरतो. नवी आवृत्ती घेताना जुने हुकूम आड येतात. आणखी एक कारण आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. हिंट मिळाली की माणूस आपल्यापुरती सोय लावून घेतो आणि नियोजक कुठे चुकला हे कळवतच नाही. मग ती चूक सगळ्यांसाठी तशीच राहते. म्हणजे तक्रार यावी म्हणूनच एक पळवाट बंद ठेवली गेली.

आलेल्या तक्रारींतून काय निघालं ते पाहा. ‘पिनकोड ४११००४’ आणि ‘शहर पुणे’ अशा दोन अटी एकत्र दिल्या तर नियोजक दोन्हींच्या शक्यतांचा गुणाकार करायचा. शंभरात एक आणि शंभरात एक, म्हणून दहा हजारांत एक, असं त्याचं गणित. पण ४११००४ हा पिनकोड पुण्याचाच आहे. दुसऱ्या अटीनं काहीच कमी होत नाही. असा चुकीचा अंदाज पुढे चुकीच्या मार्गाला नेतो आणि क्षणात होणारी क्वेरी तासभर रेंगाळते. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ ही आज्ञा आली. कोणते रकाने एकमेकांवर अवलंबून आहेत ते पाहून ठेव, असं तिच्यामुळे डेटाबेसला सांगता येतं. वापरकर्त्याला वाट बदलायची होती. विकसकांनी नकाशा दुरुस्त केला.

तरी ज्याला हिंट हवीच आहे त्याच्यासाठी जपानमधल्या विकसकांनी एक जोडसाधन बनवलं आहे. पोस्टग्रेसक्यूएलची रचना अशा जोडसाधनांना मुद्दाम वाव देते. मुख्य प्रकल्पाचा नकार हा वापरकर्त्याच्या वाटेतला शेवटचा दगड नसतो, ही मुक्तस्रोताची मोठी सोय आहे.

मोठ्या आवाजाची टीका

जुलै २०१६ मध्ये उबर कंपनीच्या अभियंत्यांनी आपण पोस्टग्रेसक्यूएल सोडून मायएसक्यूएलकडे का गेलो, याचा सविस्तर लेख प्रसिद्ध केला. एवढं मोठं नाव असं जाहीरपणे सोडून गेलं की दोन प्रतिक्रिया सहज सुचतात: ‘त्यांनाच वापरता आला नाही’ किंवा ‘आता सगळं बदला’. पोस्टग्रेसक्यूएलच्या मंडळींत दोन्ही सूर उमटले, पण चर्चा तिथे थांबली नाही.

टीकेचा गाभा असा होता. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये एखादी ओळ बदलली की जुनी ओळ तशीच राहते आणि नवी प्रत लिहिली जाते. इंडेक्स असलेला एखादा रकाना बदलला तर टेबलाच्या प्रत्येक इंडेक्समध्ये नव्या प्रतीची नोंद करावी लागते. दहा इंडेक्स असतील तर एका बदलासाठी दहा नोंदी. इंडेक्स नसलेलेच रकाने बदलले असतील तर हा खर्च टाळण्याची युक्ती २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून होती, पण उबरच्या वापरात ती पुरत नव्हती. शिवाय एका मुख्य आवृत्तीवरून दुसरीवर जाणं त्यांना फार जड गेलं होतं.

यातली काही दुखणी उबरच्या विशिष्ट वापरातून आली होती, काही जुन्या आवृत्तीतल्या दोषांची होती आणि काही खरोखर रचनेतली होती. पुढच्या वर्षांत ती एकेक करून हाताळली गेली. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीतल्या लॉजिकल रेप्लिकेशनमुळे वेगवेगळ्या आवृत्त्यांचे सर्व्हर शेजारी शेजारी चालवून सावकाश स्थलांतर करता येऊ लागलं. २०२० च्या तेराव्या आवृत्तीत इंडेक्समधल्या सारख्या नोंदी एकत्र बांधल्या गेल्या, आणि २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीत निरुपयोगी झालेल्या नोंदी इंडेक्स फुगायच्या आतच काढून टाकण्याची सोय आली. ओळींची साठवण मुळातून बदलू पाहणारा ‘झेडहीप’ नावाचा महत्त्वाकांक्षी प्रयत्नही झाला. तो मुख्य डेटाबेसमध्ये पोचला नाही. ही सगळी कामं केवळ एका लेखामुळे झाली असं म्हणणं अन्यायाचं होईल. तीच दुखणी इतरही अनेक जण सांगत होते. पण मोजमापासह मांडलेली कठोर टीका पाच वर्षांनीही उपयोगी पडते, एवढं यातून दिसतं.

बंद पडलेल्यांचे अहवाल

काही वापरकर्ते सोडून जात नाहीत. ते तोंडघशी पडतात आणि मग काय झालं ते जगाला सांगतात. पोस्टग्रेसक्यूएल प्रत्येक लेखन-व्यवहाराला एक क्रमांक देतो. हा क्रमांक ३२ बिटांचा, म्हणजे सुमारे चार अब्जांनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा. त्यामुळे जुन्या ओळींवर ‘ही कायमची जुनी’ असा शिक्का वेळोवेळी मारावा लागतो. हे काम ‘व्हॅक्यूम’ ही सफाईची यंत्रणा करते. ती फारच मागे पडली तर या फेरीच्या निम्म्यावरची, दोन अब्जांची मर्यादा जवळ येते आणि डेटा वाचवण्यासाठी डेटाबेस नवं लेखन सरळ थांबवतो.

२०१५ मध्ये सेंट्री या सेवेला आणि २०१९ मध्ये मेलचिंपच्या मँड्रिल या सेवेला हा अनुभव आला. दोन्हींनी काय घडलं ते सविस्तर जाहीर केलं. लाज झाकण्याची मुभा असताना त्यांनी हे लिहिलं, याचा फायदा सगळ्यांना झाला. २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून शिक्का मारून झालेली पानं पुन्हा पुन्हा वाचायची गरज उरली नाही. ज्या टेबलांत फक्त भर पडते, काही बदलत नाही, त्यांच्याकडे सफाई यंत्रणा फिरकतच नसे आणि काम तुंबत जाई. तेराव्या आवृत्तीत ही उणीव भरून निघाली. चौदाव्या आवृत्तीत आणीबाणीची तरतूद आली: क्रमांकाचं वय १.६ अब्जांपर्यंत गेलं तर इंडेक्सची सफाई सोडून द्यायची आणि आधी शिक्के मारायचे. मर्यादा अजून तीच आहे. तिच्यावर जाऊन आपटण्याची शक्यता मात्र पुष्कळ कमी झाली.

याहून धक्कादायक तक्रार मार्च २०१८ मध्ये पुढे आली. ग्राहकांना मदत करणाऱ्या एका अभियंत्याला असा डेटाबेस दिसला, ज्याच्या डिस्कमध्ये बिघाड झाला होता, पण पोस्टग्रेसक्यूएलच्या मते सगळा डेटा नीट लिहिला गेला होता. डेटा खरोखर डिस्कवर पोचला का, हे डेटाबेस ‘एफसिंक’ ही सूचना देऊन ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो. पोस्टग्रेसक्यूएलची समजूत होती की उत्तर ‘नाही’ आलं तर थोड्या वेळानं पुन्हा विचारावं. पण लिनक्समध्ये ही चूक एकदाच सांगितली जात होती. दुसऱ्यांदा विचारल्यावर ‘सगळं ठीक’ असं उत्तर येई, आणि मधल्या मध्ये तो डेटा गेलेला असे. सुमारे वीस वर्षं ही समजूत कुणी तपासली नव्हती, कारण असा बिघाड विरळा आणि झाला तरी खापर डिस्कवर फुटायचं.

या एका प्रकरणातून लिनक्सचे विकसक आणि डेटाबेसचे विकसक एका टेबलाशी बसले. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोस्टग्रेसक्यूएलच्या चालू असलेल्या सगळ्या आवृत्त्यांत दुरुस्ती आली: एफसिंक चुकला की डेटाबेसनं स्वतःला तिथेच बंद पाडायचं आणि व्यवहारांच्या नोंदवहीवरून डेटा पुन्हा उभा करायचा. मायएसक्यूएल आणि मॉंगोडीबी यांच्या साठवण यंत्रणांनीही याच दिशेनं बदल केले. ‘डिस्कच खराब होती’ म्हणून ती तक्रार फाइलबंद झाली असती, तर हा दोष आजही असता.

थोड्यांचा आवाज

जो बोलतो तो ऐकू येतो, या व्यवस्थेत एक अन्याय दडलेला आहे. थोडे लोक बोलले तर काय? मायएसक्यूएलमधली ‘यूटीएफ८’ ही अक्षरसोय एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देत असे. देवनागरीला तीन बाइट पुरतात, त्यामुळे आपल्याला त्याची झळ लागली नाही. इमोजींना चार लागतात. कडक तपासणी चालू नसेल तर इमोजीपासून पुढचा मजकूरच कापला जाई. २०१० मध्ये चार बाइटांची सोय आली आणि इमोजी घराघरात पोचल्यावर, एप्रिल २०१८ च्या ८.० आवृत्तीत, ती मूळ निवड बनली.

मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये, आणि ती जागा नेमकी चार बाइटांच्या प्रदेशात आहे. मोडीचे अभ्यासक मूठभर. त्यांच्या तक्रारीनं जगातला एवढा मोठा डेटाबेस हलला असता का, याची शंकाच आहे. हसऱ्या चेहऱ्यांच्या गर्दीनं केलेल्या वाटेनं मोडीही आत आली. तुलनेचे नियम जुने राहिले तर पंचाईत होतीच. त्या नियमांत चार बाइटांची सगळी अक्षरं एकसारखी धरली जात, म्हणून सुशीचं चित्र आणि बिअरचं चित्र एकच ठरे. जपानी वापरकर्त्यांनी ही गोष्ट इतकी लावून धरली की तिला ‘सुशी-बिअर’ दोष असं नावच पडलं. ८.० मध्ये तुलनेचे नियम नव्यानं आले आणि जपानी भाषेसाठी वेगळा क्रमही मिळाला.

आपल्या भाषेचाही असाच एक प्रश्न आहे. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. युनिकोडच्या आकड्यांनुसार क्रम लावला तर ळ लागतो ल च्या पाठोपाठ आणि क्ष जातो क च्या पोटात. पोस्टग्रेसक्यूएलच्या दहाव्या आवृत्तीपासून ‘आयसीयू’ या सॉफ्टवेअर लायब्ररीतले भाषावार क्रम वापरता येतात आणि त्यांत मराठीही आहे. मतदारयादी, ग्रंथसूची, शब्दकोश बनवणाऱ्यांनी तो क्रम वापरून पाहावा आणि चूक आढळली तर कळवावी. जपान्यांचं काम झालं ते त्यांनी नेमकं उदाहरण देऊन पाठपुरावा केला म्हणून.

या व्यवस्थेतला दुसरा कल पैशाचा. आज पोस्टग्रेसक्यूएलवर काम करणारे बरेच विकसक कोणत्या ना कोणत्या कंपनीत नोकरीला आहेत. एंटरप्राइझडीबी या कंपनीचं पुण्यातलं केंद्र आपल्याकडे परिचित आहे. अशा कंपनीच्या ग्राहकाचं दुखणं लवकर कानावर जातं, हे उघड आहे. म्हणूनच मुख्य गटात एका कंपनीची निम्म्याहून जास्त माणसं नसावीत, असा संकेत पाळला जातो. २०२० मध्ये एंटरप्राइझडीबीनं दुसरी एक पोस्टग्रेस कंपनी विकत घेतल्यावर हा तोल ढळला, तेव्हा नवे सदस्य घेऊन तो सावरला गेला.

तक्रार कशी करावी

‘डेटाबेस स्लो आहे’ हे वाक्य विकसकाच्या काही कामाचं नाही. आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, टेबलाची रचना, नेमकी क्वेरी, ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’नं दाखवलेला मार्ग आणि दोष पुन्हा घडवता येईल असं छोट्यात छोटं उदाहरण, एवढं दिलं तर अनोळखी माणूसही तासाभरात कामाला लागतो. खरा ग्राहकडेटा मात्र कधीही पाठवू नये; त्याच आकाराचा खोटा डेटा तयार करावा. आपल्याला सुचलेला उपाय जरूर सांगावा, पण त्याआधी आपण काय करू पाहत होतो ते सांगावं. नुसतं ‘हिंट द्या’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘पिनकोड आणि शहर एकत्र विचारलं की अंदाज चुकतो’ असं सांगणाऱ्यानं डेटाबेस जास्त सुधारला आहे.

उत्तर लगेच येईल अशी अपेक्षाही ठेवू नये. मायएसक्यूएलमधला १९९ क्रमांकाचा दोष २००३ मध्ये नोंदवला गेला होता: सर्व्हर पुन्हा सुरू केला की आपोआप वाढणारा क्रमांक मागे जाऊ शके आणि पुसलेल्या नोंदीचा क्रमांक नव्या नोंदीला मिळे. तो दुरुस्त व्हायला ८.० आवृत्ती, म्हणजे २०१८ साल उजाडावं लागलं. पण नोंद होती, म्हणून दुरुस्ती झाली.

महाराष्ट्रातल्या कितीतरी कंपन्या, सहकारी संस्था आणि महाविद्यालयं हे डेटाबेस फुकट वापरतात. त्यांच्याकडे कोड लिहिणारं कुणी नसेल, तरी देण्यासारखं काहीतरी नक्की आहे. मे महिन्यात चाचणी आवृत्ती निघाली की आपल्या डेटाची एक प्रत तिच्यावर चालवून पाहा. काही मोडलं तर लिहा, आणि लिहिताना आवृत्तीचा क्रमांक विसरू नका.